मागच्या सीटवरचं वजन

बॉडीबाहेर टायर आलेली एखादी गाडी रस्त्यात दिसली, की मी अजूनही चालकाकडे पाहत नाही. मागच्या सीटवर कुणी बसलंय का, ते पाहतो. मुदतीच्या आधीच निवृत्ती घेऊन मी घरी बसलो, त्यालाही आता काळ लोटला. पहाटे उठून बूट चमकवण्याची सवय गेली, फोन वाजला की दचकणं गेलं. ही एक सवय मात्र गेली नाही. ज्या प्रकरणाने ती लागली ते मोठं नव्हतं. खून नाही, दरोडा नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या असतील. पण माझ्या नोकरीतल्या मोठ्या केसेस मला कागद पाहिल्याशिवाय आठवत नाहीत आणि ही विसरता येत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी जळगाव जिल्ह्यात, गिरणेच्या काठच्या एका ठाण्यात फौजदार होतो. एप्रिलचं ऊन. धुळ्याहून जळगावकडे येणारा महामार्ग आमच्या हद्दीतून जायचा आणि आमचं निम्मं काम त्या रस्त्यानेच पुरवलेलं असायचं.

एका दुपारी एसटीच्या वाहकाने खबर दिली. बांभोरीच्या पुलाअलीकडे, लिंबाच्या झाडाखाली एक माणूस पडलेला होता. बसमधल्या लोकांनी त्याला उचलून आत घेतलं, पण पूल ओलांडतानाच तो गेला. मयत बांधकाम खात्याच्या रस्त्यावरच्या टोळीतला मजूर. पावसाळ्याआधी रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारायचं काम त्याच्याकडे होतं. कपडे, हात, भुवयासुद्धा चुन्याने पांढऱ्या झालेल्या. वाहनाची धडक, हे सरळ दिसत होतं. फिर्याद घेतली, पंचनामा केला.

संध्याकाळी चालक स्वतःच ठाण्यात आला. सोबत त्याचे वडील आणि वकील मामा. वडील केळीचे मोठे व्यापारी, पांढरे कपडे, कमी बोलणारे. मुलगा पंचविशीच्या आतला. त्याची गाडी आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. लाल, बुटकी, दोन दरवाज्यांची, परदेशी बनावटीची. मुंबईहून जुनी घेतलेली. जळगावच्या मेहरूण तलावाभोवती संध्याकाळी ती फिरायला लागली, की लोक भेळ खाणं थांबवायचे. अलीकडेच त्याने तिची मूळ चाकं काढून हलक्या धातूची रुंद मॅग व्हील आणि त्यांवर तितकेच रुंद टायर बसवून घेतले होते. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी आणखी खाली बसवली होती. चारही टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत होते.

मुलाने जबाब दिला. "मी धुळ्याहून येत होतो. एकटाच होतो. पुलाच्या अलीकडे मागचा डावा टायर मडगार्डला घासून अडकला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि तो माणूस मध्ये आला. लोक मारतील म्हणून मी थांबलो नाही."

मामांनी लगेच जोड दिली, "साहेब, हा चालवण्याचा दोष नाही. चाकं बसवणाऱ्याचा आहे. टायर तपासा तुम्ही."

मी तपासला. मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे वरचा भाग संपून बाजू सुरू होते तिथे, मडगार्डच्या कडेने गोल ताजी चीर पाडली होती. रबराचे बारीक तुकडे मडगार्डच्या आत चिकटले होते. मोटार वाहन निरीक्षकांनी पाहून अहवाल दिला : मूळ बनावटीत विनापरवाना बदल, टायर बॉडीला घासत आहे. जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं.

मुलाची अटक आणि जामीन एका बैठकीतच उरकले. चाकं बसवणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी आणलं.

तो जळगावात मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायरचं दुकान चालवायचा. चाळिशीचा, काळासावळा, तोंडात सतत लवंग. त्याने पहिल्याच वाक्यात स्वतःचं नुकसान करून घेतलं.

"साहेब, ही चाकं मी बसवलीच नाहीत."

आमचे हवालदार वजनाने आणि आवाजाने सारखेच दणदणीत होते. ते म्हणाले, "मग ती लाल गाडी तुझ्या दारात काय केळी खायला उभी होती का रे? अख्ख्या मेहरूणने पाहिलीय."

मुलाच्या वडिलांच्या, म्हणजे शेठच्या, माणसाने आधीच येऊन त्याला सांगितलं होतं, की तू काही कबूल करू नको, आम्ही पाहून घेऊ. त्यांनी पाहून घेतलं ते असं, सगळा दोष त्याच्यावरच ढकलून. खोटं बोलणारा माणूसही निरपराध असू शकतो, हे मला माहीत होतं. भ्यायलेला माणूस आधी नाही म्हणतो आणि मग विचार करतो. पण समोर खोटं बोललेल्यावर पुन्हा विश्वास ठेवायला पोलिसाला फार जड जातं. त्याला मी कोठडीत टाकलं.

गुन्हा जामीन मिळण्याजोगा होता, पण जामीन राहायला कुणी येईना. दुकानाची जागा शेठच्या नात्यातल्या माणसाची होती. त्याची बायको रोज डबा घेऊन येई आणि ठाण्याच्या आवारात सावलीला बसून राही. एकदा मी बाहेर पडताना उठून म्हणाली, "साहेब, जागामालक कुलूप बदलतो म्हणतोय. यांच्या हाताने माणूस मेला असं गावात झालं, तर कोण गाडी आणणार यांच्याकडे? दुसरं काही येत नाही त्यांना."

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे, बाई." हे वाक्य नोकरीत किती वेळा वापरलं असेल. त्यात खोटं काही नसतं आणि कुणाच्या उपयोगाचंही काही नसतं.

त्या दिवशी चहाच्या वेळी फिटर आपणहून बोलायला लागला. "बसवली मीच. स्प्रिंग कापू नका म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही, मग मीच कापल्या. पैसे मिळत होते. पण साहेब, एकट्याला ती गाडी घासत नाही. बोटभर फट ठेवली होती मी. मागे माणूस बसला की फट संपते. मी शेठच्या मुलाला सांगितलं होतं, मागे कुणाला बसवू नको. तो हसला. म्हणाला, मागे बसायला आहेच कोण, माझी आजी?"

"मग टायर घासला कसा?"

"तेच मला कळत नाही."

माझा विश्वास बसला नाही. आरोपीला शेवटी असं काहीतरी सुचतंच.

त्यानंतर एक म्हातारे आबा ठाण्यात आले. सायकल हातात धरून, आवारातून थेट माझ्या टेबलासमोर. हँडलला चुन्याने माखलेली बादली अडकवलेली. एरंडोल आणि पाळधीच्या मध्ये रस्त्याकडेला त्यांची उसाच्या रसाची गाडी होती.

"फौजदारसाहेब, हाई सायकल त्या मयतना घरले पोचाडी द्या."

"कुठे मिळाली, आबा?"

"मना रसनी गाडीजोडे. मी जेवाले बसेल व्हतू. मोठा आवाज झाया. बाहेर येस तवपावत धूळ. सायकल खड्डामा, बादली रस्तावर. माले वाटनं, गाडीवाला भला मानूस शे, उचलीसन दवाखानामा लई गया. काल समजनं, तो पुलजोडे सापडना. साहेब, सायकल आठे, बादली आठे, काच बठ्ठी आठे, आन मानूस पुलजोडे कसा गया? उडीसन?"

सायकल, बादली, काच सगळं तिथे, मग माणूस पुलापर्यंत उडून गेला का, हे ऐकून हवालदार हसले. मी हसलो नाही. पुलाजवळच्या पंचनाम्यात एक गोष्ट खटकूनही मी तिकडे दुर्लक्ष केलं होतं : गाडीचा पुढचा दिवा फुटलेला होता आणि लिंबाखाली काचेचा एक तुकडाही नव्हता. काच रहदारीत उडून गेली असेल, असं मी स्वतःला समजावलं होतं.

आबांना जीपमध्ये घेऊन त्यांच्या जागेवर गेलो. काच तिथे होती. डांबरावर चुना सांडून वाळला होता, त्यावरून गेलेल्या टायरचा पट्टा उमटला होता. एवढा रुंद टायर त्या काळी जिल्ह्यात दुसऱ्या गाडीला नव्हता. म्हणजे धडक इथे झाली होती. माणूस मिळाला तो कितीतरी पुढे, पाळधी ओलांडून पुलाजवळ. आणि मधला सगळा रस्ता कुणी चालत गेलेला नव्हता.

मला फिटरचं बोलणं आठवलं. मागे माणूस बसला की फट संपते.

दुसऱ्या दिवशी पंच बोलावले, मोटार वाहन निरीक्षकांना विनंती केली आणि ती लाल गाडी आवारातून बाहेर काढली. टायरची खरवडलेली बाजू खडूने रंगवली, म्हणजे घासलं की खडू पुसला जाईल. निरीक्षकांनी एकट्याने गाडी महामार्गावर नेऊन आणली, डांबराची ठिगळं मारलेल्या त्याच रस्त्यावरून. खडू जसाच्या तसा. मग मागच्या सीटवर माणूस बसवायचा होता. सगळ्यांच्या नजरा हवालदारांकडे गेल्या.

"साहेब, मी बसलो तर सरकारी जीपसुद्धा घासते," ते म्हणाले आणि कमरेत वाकून, शिव्या घालत त्या दोन दरवाज्यांच्या गाडीत मागे शिरले. गाडी आवाराच्या दारापाशीच किंचाळली. पंच हसून बेजार झाले. वकील मामा हजर होते, ते म्हणाले, "फौजदारसाहेब, हे प्रमाण नाही, हा हत्ती आहे."

त्यांचं बरोबर होतं. हवालदारांना ओढून बाहेर काढलं. आमच्यातला सर्वांत किडकिडीत शिपाई, साधारण मयताच्या अंगाचा, मागे बसवला. पुन्हा खडू लावला. गाडी निघाली. सपाट रस्त्यावर शांत होती. पहिल्या ठिगळावर बारीक आवाज आला, दुसऱ्यावर मोठा, आणि मग तो थांबेनाच. रबर जळाल्याचा वास सुटला. गाडी परत आली तेव्हा खडू पुसलेला होता. मूळ चिरेवर, तंतोतंत.

टायर घासण्याचा मुद्दा मामांनीच आणला होता. भाच्याने त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा दिसलं.

मागच्या सीटला नवं काळं कव्हर होतं. पुढच्या सीटचं जुनंच होतं. मी कव्हर काढायला लावलं. खालची गादी पुसलेली होती, पण बैठक आणि पाठ मिळते त्या फटीत बोट घातलं, तर पांढरं निघालं. चुना.

मुलाला बोलावून घेतलं. वडीलही आले. मी आवाज चढवला नाही, कारण गरज नव्हती. टेबलावर कागदात तो चुना ठेवला आणि म्हटलं, "आता सांग."

मग वडीलच बोलले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा त्याच्याशी माझ्यासमोर बोलले.

"तू त्याला गाडीत घेतलं होतंस?"

"हो, बाबा."

"मग खाली कसा उतरवलास? एकट्याने तुला तो उचलला असता का?"

मला सुचला नव्हता तो प्रश्न. बापाला सुचला, कारण मुलाच्या हातात किती जोर आहे हे त्याला ठाऊक होतं.

मुलगा म्हणाला, "ते चालत उतरले."

मग तो माझ्याकडे वळला.

"मी त्यांना घेतलं, साहेब. पळून नव्हतो जात. मागे बसवलं. ते बसायलाच तयार नव्हते. म्हणाले, भाऊ, मना कपडास्ले चुना शे, तुनी गादी खराब व्हई जाई. मी म्हटलं, बसा हो. शुद्धीवर होते, पोट धरून बसले होते. पाळधीनंतर टायर ओरडायला लागला. खूप. धूर यायला लागला. मला वाटलं फुटेल, पुलावर फुटला तर दोघंही नदीत. मी थांबवली गाडी. म्हटलं, काका, जरा उतरा, टायर पाहतो. ते उतरले. माझ्या खांद्यावर हात ठेवून लिंबापर्यंत आले आणि बसले. मी थोडी पुढे घेऊन पाहिली गाडी. आवाज बंद झाला होता, साहेब. एकदम शांत चालायला लागली. आणि मी... मग मी वळवलीच नाही. वाटलं, मागून कुणीतरी येईल, त्यांना घेईल."

वडील उठले, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्यांनी नंतर माझ्याकडे कसलीही रदबदली केली नाही.

फिटर त्याच दिवशी सुटला. कागदावर मी लिहिलं : धडकेच्या वेळी वाहनात केवळ चालक होता, सबब त्या वेळी टायर घासण्याचा संभव नाही, सबब वाहनातील बदल धडकेस कारणीभूत नाही. बायको आवारातच होती. तिने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला आणि मी दोन पावलं मागे सरकलो. जागामालकाने कुलूप बदललं नाही. हे सगळं चांगलं झालं. मी त्या संध्याकाळी घरी जाऊन पोटभर जेवलो, हे मला आठवतं.

पण दोषारोपपत्र पुरं करायला मला फिटर साक्षीदार म्हणून हवा होता. फट किती ठेवली होती, वजनाने काय होतं, हे तोच सांगू शकत होता. त्याला पुन्हा बोलावलं. जबाब घेतला आणि रिवाजाप्रमाणे त्याला वाचून दाखवला. संदर्भासाठी बाकीचे कागदही वाचले : प्रयोग, खडू, शिपाई, चुना, मुलाचं सांगणं, सगळं एकापाठोपाठ एक. मी वाचत होतो तसं त्याचं तोंडातली लवंग चावणं थांबलं. तोवर त्याला एवढंच माहीत होतं, की आपण सुटलो. कसे सुटलो, हे त्याने विचारलं नव्हतं.

वाचून झाल्यावर मी कागद पुढे केला. त्याने सही केली. म्हणाला, "हे मला कोर्टात बोलावं लागेल?"

"जसं आहे तसं बोलायचं."

तो कोर्टात बोलला. सरकारी वकिलांनी विचारलं, मागे माणूस बसल्यावर गाडी नीट चालली असती का? तो म्हणाला, नाही. तुम्ही बसवलेल्या चाकांमुळे? तो म्हणाला, हो. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची साक्षही त्याच दिवशी झाली. पोटात रक्तस्राव. लवकर पोचला असता तर वाचलाच असता असं सांगता येणार नाही, पण लवकर पोचणं महत्त्वाचं होतं, असं ते म्हणाले. फिटर मागच्या बाकावर बसून ते ऐकत होता.

कोर्टाबाहेर, वडाखाली, त्याने मला गाठलं.

"साहेब, कंपनीचीच चाकं असती, तर तो माणूस दवाखान्यापर्यंत गेला असता ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मी म्हणू शकलो असतो, की टायर ओरडला म्हणून कुणी माणूस उतरवत नाही, उतरवणारा तू नव्हतास. ते खरंही होतं. पण तो जे विचारत होता, तेही खरं होतं, आणि ते मीच खडू लावून सिद्ध केलं होतं. मी म्हणालो, "तुझ्यावर काही आरोप नाही आता."

"ते ठाऊक आहे," तो म्हणाला आणि बायको उभी होती तिकडे गेला.

मुलाला शिक्षा झाली. पुढे अपील झालं, त्याचं काय झालं ते माझ्या बदलीनंतर मी विचारलं नाही. मयताचा थोरला मुलगा सायकल घेऊन गेला. बादली त्याने घेतली नाही.

या प्रकरणात मी काही चुकलो, असं कुणी म्हणणार नाही. मी स्वतःही म्हणत नाही. तपास नीट झाला, निरपराध सुटला, खरं बाहेर आलं. तरी माझ्या मनावर जे ओझं आहे ते याच नीट झालेल्या तपासाचं आहे. ज्या एका पुराव्याने मी त्या माणसाला सोडवला, तोच पुरावा मी त्याच्या हातात देऊन त्याला घरी पाठवला. आम्ही खरं शोधतो, कागदावर आणतो, न्यायालयात देतो आणि पुढच्या केसला लागतो. ते खरं घेऊन कुणाला तरी घरी जेवायला बसायचं असतं, याचा विचार मी तोवर केला नव्हता. त्यानंतर जबाब वाचून दाखवताना मी नेहमी समोरच्याचा चेहरा पाहू लागलो. त्याने काही बदलत नाही. पण पाहिलं पाहिजे, असं वाटतं.

निवृत्तीनंतर एकदा जळगावला कामासाठी गेलो होतो. माझ्या जुन्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते. मुद्दाम त्या फिटरच्याच दुकानात गेलो की गाडी आपोआप वळली, मला सांगता येत नाही. दुकान मोठं झालं होतं. त्याचे केस पांढरे झाले होते, लवंग तीच. त्याने मला ओळखलं, चहा मागवला, जुनं काही काढलं नाही. कंपनीचे होते त्याच मापाचे साधे टायर त्याने माझ्या गाडीला बसवले. नट आवळले, हवा तपासली.

मी पैसे द्यायला लागलो, तर म्हणाला, "थांबा, अजून झालं नाही."

त्याने मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

दुकानातला कामगार मला म्हणाला, "बसा साहेब, एक फेरी मारा. आमचे शेठ प्रत्येक गाडीला असंच करतात. नवी असो नाहीतर भंगार, मागे बसल्याशिवाय गाडी सोडत नाहीत."

मी गाडी काढली. तलावापर्यंत गेलो, वळवली. रस्ता खराब होता, खड्डे चुकवता येत नव्हते. आरशात तो दिसत होता. मान डाव्या खिडकीकडे वाकवून, डोळे मिटून, खालून काही येतंय का ते ऐकत होता. मीही ऐकत होतो.

गाडी थांबली. तो उतरला, दार लावलं आणि टपावर हात ठेवून म्हणाला, "जा साहेब. पोचवेल ही."